सोमवारी भुंकणारा कुत्रा

वेळणेश्वरात शनिवार-रविवार म्हणजे काय असतं, ते घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या कुणालाही विचारा. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन लागतात, ओटीवर चपलांचा ढीग पडतो, पोरं समुद्रावरून ओल्या पायांनी थेट माजघरात घुसतात आणि घरातल्या वर्षभराच्या लॅब्रॅडॉरला दोन दिवस उसंत मिळत नाही. कुणी कान ओढतं, कुणी वेफर्स चारतं, कुणी त्याच्यासोबत फोटो काढतं. रविवारी दुपारची जेवणं उरकली, देवळात नमस्कार झाला की गाड्या निघतात. सोमवारी घरचे दोघं सामान भरायला गुहागरला जातात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्याच असतात. ‘अहो वहिनी, तुमचं कुत्रं तुम्ही गेल्यापासून नुसतं रडत होतं हो!’

मग सल्ले सुरू होतात. दोन रट्टे द्या. समुद्रावर पळवून दमवा. एकटा पडतो बिचारा, आणखी एक पिल्लू आणा. तिन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मूळ प्रश्नाला तिघंही हात घालत नाहीत. त्या कुत्र्याला एकटं राहायला कुणी शिकवलेलंच नसतं. बसायला शिकवतात, हात द्यायला शिकवतात, शी-शू कुठे करायची ते शिकवतात, पण घरात कुणी नसताना पडून राहायचं, हे त्याला आपोआप येईल असं आपण गृहीत धरतो. ते येत नाही. कळपाने जगणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाला एकटं पडणं म्हणजे जिवाचा धोका, हे उपजतच कळतं.

इलाज सुरू करण्याआधी त्याला नक्की काय झालंय ते पाहावं, आणि त्यासाठी मोबाइलसारखं दुसरं साधन नाही. फडताळावर डबा टेकवून मोबाइल उभा करायचा, चित्रण सुरू करायचं आणि अर्धा-पाऊण तास बाहेर जायचं. एकटेपणाची भीती असलेल्या कुत्र्याची लक्षणं बहुधा माणूस बाहेर पडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात.

ओळखीच्या एका घरातलं असं चित्रण मी पाहिलं आहे. बाहेर बेड्याची खिट्टी सरकल्याचा आवाज येतो. कुत्रा दाराच्या फटीला नाक लावून उभा राहतो. मग खिडकी, मग पुन्हा दार. जांभई देतो, पण झोप आलेली नसते. ओठ चाटतो, पण समोर खाणं नसतं. थोड्या वेळाने जीभ बाहेर काढून धापा टाकू लागतो, सकाळची गार वेळ असूनही. फरशीवर लाळेचे थेंब आणि ओल्या पंजांचे ठसे दिसू लागतात, कारण कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना. मग पहिलं भुंकणं. एकच. तो थांबतो, कान टवकारून ऐकतो आणि तेवढंच अंतर ठेवून, त्याच उंच सुरात पुन्हा भुंकतो. शेवटी मान वर करून हेल काढतो. कोपऱ्यातल्या ताटलीत तूप लावलेली पोळी जशीच्या तशी पडलेली असते. काका परत येतात, कुत्रा अंगावर उड्या मारतो आणि दोन मिनिटांनी तीच पोळी एका घासात संपवतो. भुंकण्यापेक्षा मला ती न खाल्लेली पोळी महत्त्वाची वाटते. भ्यालेल्या जनावराच्या घशाखाली घास उतरत नाही.

कंटाळलेल्या कुत्र्याचं चित्रण वेगळं असतं. तो आधी झोप काढतो, उठतो, आळस देतो आणि मग सावकाश उशी फाडायला घेतो. पोळी तर त्याने पहिल्याच मिनिटाला फस्त केलेली असते. राखणीवर असलेला कुत्रा कौलांवर वानर उतरलं की तुटून पडल्यासारखा भुंकतो आणि वानर पोफळींत पसार झालं की गप्प बसतो. तिघांच्या तक्रारी एकच, पण इलाज तीन.

हा फरक कानालाही कळतो. बुडापेस्टच्या एओट्वोस लोरांद विद्यापीठात पीटर पोंग्राट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुडी जातीच्या हंगेरियन कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगी केलेलं भुंकणं त्यांनी लोकांना ऐकवलं आणि प्रसंग ओळखायला सांगितला. त्यात झाडाला एकटं बांधून ठेवलेल्या कुत्र्याचं भुंकणंही होतं. नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्यापेक्षा लोकांनी बरंच अचूक ओळखलं, अगदी घरी कुत्रं नसलेल्यांनीही. तेव्हा ‘रडत होतं’ हा काकूंचा शब्द उडवून लावू नये. त्यांचं निदान बहुतेक बरोबर असतं.

आता हे होतं कशाने? माणसाचा लळा हे एक कारण झालंच, पण फक्त लळ्याने कुणी असं घाबरत नाही. वाडीतली गावठी कुत्री पाहा. ती पडवीत किंवा लाकडांच्या खोपीत जन्मतात, आईच्या आणि भावंडांच्या अंगावर लोळत मोठी होतात, आणि कुणी दार लावून निघून गेलं तरी त्यांचं काही अडत नाही, कारण ती दाराच्या बाहेरच असतात. माणूस येतो, जातो, पुन्हा येतो, हे त्यांनी डोळे उघडल्यापासून पाहिलेलं असतं. विकत आणलेल्या पिल्लाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा आपल्याकडे 2017 पासून नियम आहे; तरी खोक्यात घालून जेमतेम महिन्याचं पिल्लू आणणारे भेटतातच. पिल्लाच्या समाजात वावरण्याच्या शिक्षणाचा मोठा भाग साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात उरकतो. नेमका तो काळ खोक्यात, प्रवासात आणि परक्या घरात जातो.

त्यात टाळेबंदीची भर पडली. 2020 मध्ये घरून काम करायला म्हणून बरेच चाकरमानी कोकणातल्या घरी येऊन राहिले. त्या काळात आणलेल्या पिल्लांनी रिकामं घर पाहिलंच नाही. पुढे ऑफिसं उघडली, माणसं मुंबईला गेली आणि कुत्रा म्हाताऱ्या आईवडिलांपाशी राहिला. घरगुती मुक्कामाच्या घरात त्याचीच छोटी आवृत्ती दर आठवड्याला होत असते: दोन दिवस अतोनात लाड, मग एकदम शुकशुकाट.

आणि वय. पाच महिन्यांचं गुणी पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं झालं की ‘अगदी बिघडलं हो’ असं म्हणायची वेळ येते. ते बिघडलेलं नसतं, वयात आलेलं असतं. लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेला अभ्यास 2020 साली आला. पाच महिन्यांचं असताना मालकाने ‘बस’ म्हटल्यावर बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात मालकाचं कमी ऐकू लागतं, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे परक्या माणसाचं ऐकण्यात तशी घसरण नव्हती. ज्यांच्या घरी वयात आलेली मुलं आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. त्याच वर्षी फिनलंडमधल्या सुमारे 13,700 पाळीव कुत्र्यांची, मालकांकडून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध झाली. आवाजाची भीती सर्वांत जास्त, 32 टक्के कुत्र्यांमध्ये होती. एकटं सोडल्यावर त्रास होणारी कुत्री त्या मानाने थोडी, 5 टक्क्यांच्या आसपास. पण अति चंचलपणा आणि एकटेपणाचा त्रास हे दोन्ही एकाच कुत्र्यात बऱ्याचदा जोडीने आढळले. म्हणजे दिवसभर धुमाकूळ घालणारं आणि एकटं पडताच रडणारं कुत्रं ही एकाच घराची दोन दारं.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. घाबरून भुंकणाऱ्याला मारलं की भीती दुप्पट होते, एवढं पुरे. ‘पण त्याला कळतं हो, मी आल्यावर कसा कान पाडून बसतो!’ हे मात्र हमखास ऐकायला मिळतं. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली याचीच परीक्षा घेतली. कुत्र्याने खरंच मना केलेला खाऊ खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध निघाला नाही. मालक रागावला की चेहरा पडायचा. ज्याने काही केलंच नव्हतं तोही कान पाडायचा. तुमचा आवाज चढला एवढंच त्याला कळतं, दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा हिशेब तो लावत नाही. विजेचा झटका देणारे पट्टे आणि तोंडाला बांधायच्या दोऱ्या याच जातीच्या. पिंजऱ्यात कोंडणंही भ्यालेल्या कुत्र्याला नको; गजांवर दात आणि नखं मोडून घेणारी कुत्री असतात. दुसरं पिल्लू आणण्यात क्रूरपणा नाही, पण उपयोगही सहसा होत नाही. त्याला माणूस हवा असतो, आणि कधीकधी दोन्ही मिळून रडू लागतात.

दमवण्याचा सल्ला सर्वांत लोकप्रिय, आणि वेळणेश्वरासारखा किनारा दारात असताना तो टाळणं कठीण. अर्धचंद्रासारखी लांब वाळू, गर्दी नाही, चेंडू फेकत राहायचं. पण रोज तासभर चेंडूमागे पळवलेला कुत्रा महिन्याभरात तयार खेळाडू होतो. मग त्याला दमायला दीड तास लागतो आणि घरी येऊनही त्याचं अंग शांत होत नाही. व्यायाम हवाच, पण त्याने उतावळेपणा जाईल ही आशा सोडावी. माझं मत विचाराल तर चेंडू निम्मा करा आणि नाकाला काम द्या. मूठभर सुकट आगरात माडांच्या बुंध्यांशी विखरून टाकायची आणि ‘शोध’ म्हणायचं. आधी भिजवून खारटपणा काढलेली बरी. जुन्या लुगड्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवायचे. नाक जमिनीला लावून पंधरा मिनिटं हुंगणारा कुत्रा नंतर आपण होऊन आडवा होतो. होरोविट्झ यांनीच शार्लोट द्युरान्तों यांच्यासोबत 2019 मध्ये दाखवलं, की दोन आठवडे वासाचा खेळ खेळलेली कुत्री अनोळखी जागी ठेवलेल्या वाडग्याकडे अधिक उमेदीने जातात. नुसती मालकाच्या पावलाशी पाऊल जुळवायला शिकलेली तशी जात नाहीत. नारळाची सोडणं मात्र चघळायला देऊ नयेत. धागे गिळले तर आतड्यात गोळा होतो.

समुद्राच्या बाबतीत आणखी दोन सूचना. जाळ्यातून टाकून दिलेला फुगीर केंड मासा वाळूवर पडलेला असतो. तो विषारी, कुत्र्याने तोंडात धरता कामा नये. आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गुहागरचा किनारा तर त्यासाठी नावाजलेला. तिथूनच 2023 मध्ये ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या दोन कासवांना उपग्रहाशी जोडणारी यंत्रं लावून सोडलं होतं. वाळू उकरण्याची हौस असलेला तरुण कुत्रा पहाटे मोकळा सोडणं त्या अंड्यांना महाग पडू शकतं. पट्टा लांब घ्या, पण असू द्या.

आता मुख्य काम. कुत्र्याची भीती दार लागल्यावर सुरू होत नाही, त्याच्या बरीच आधी होते. पंपाचा खटका बंद, परसदाराची कडी, पर्स, छत्री, स्कूटरची किल्ली: ही मालिका त्याला तोंडपाठ असते. पावलॉव्हला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण जग त्याला ओळखतं ते खाणं येण्याच्या नुसत्या चाहुलीने लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे. इथे चाहूल खाण्याची नसून ताटातुटीची, इतकाच फरक. तेव्हा पहिल्यांदा ही मालिका पोकळ करायची. छत्री घ्यायची आणि झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचा. किल्ली खुळखुळवायची आणि भांडी घासायला लागायचं. परसदाराची कडी लावायची आणि पुन्हा काढायची. दिवसातून पाच-सहा वेळा, सहज, त्याच्याकडे न पाहता. किल्ली वाजल्यावर कुत्रा मान वर करून पुन्हा पंजांवर टेकवू लागला, की पुढची पायरी.

ती दाराची. दार उघडा, बाहेर पाऊल टाका, आत या. दार लोटून घ्या, लगेच उघडा. मग पाच सेकंद, मग दहा. नियम एकच: तो बेचैन व्हायच्या आत परत यायचं. भुंकल्यावर परत आलात तर भुंकल्याने माणूस येतो हा धडा त्याने घेतला. भुंकू देऊन तसंच बाहेर थांबलात तर भीती पक्की केलीत. भुंकलाच तर वेळ जास्त झाली असं समजून पुढच्या खेपेला निम्मी करावी. वेळ सरळ रेषेत वाढवू नये. दहा सेकंद, पंचवीस, पाच, चाळीस, पंधरा असं वरखाली ठेवलं की ‘दर वेळी जास्तच होत चाललंय’ ही धास्ती राहत नाही. मोबाइल आत चालू ठेवून दुसऱ्या मोबाइलवर पाहत राहावं, म्हणजे अंदाजाने चालावं लागत नाही. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापर्यंत पोचायलाच सर्वांत जास्त दिवस लागतात, कारण भीतीचा भर तिथेच असतो. तो टप्पा ओलांडला की पुढे वेळ मोठ्या उड्यांनी वाढवता येते.

या सगळ्यात अवघड अट अशी, की सराव चालू असेपर्यंत त्याला जमतं त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये यावर लोक हात टेकतात. गावात मात्र उपाय असतात. बहुतेक कुत्र्यांना अमुकच माणूस लागतो असं नसतं, कुणीतरी असलं की भागतं. शेजारच्या आजी पडवीत वाती वळत बसल्या तरी पुरतं. गुहागरला दोघांपैकी एकानेच जावं, आठवडाभराचं सामान एकदाच आणावं, रिक्षात त्याला सोबत घ्यावं. काही आठवडे गैरसोय होते. ती पत्करायची नसेल तर बाकीचा सराव वाया जातो.

कोकणातलं जुनं घर या शिकवणीला फार सोयीचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी अशा एकामागोमाग जागा असतात आणि मध्ये उंबरे. ओटीवर त्याची गोधडी घालावी आणि आपण माजघरात बसावं. तो गोधडीवर पडून राहिला की मुकाट्याने तुकडा टाकावा. मग स्वयंपाकघरात. मग मधलं दार अर्धं लोटून. दिवसभर पायात घुटमळणाऱ्या कुत्र्याला माणूस दिसत नसला तरी घरातच आहे हे कळलं, की पुढचं ‘घरात नाही, पण येणार आहे’ हे सोपं जातं. पाहुण्यांनाही स्पष्ट सांगावं: गोधडीवर असताना त्याला हात लावायचा नाही. शनिवारीही त्याचं जेवण, हुंगणं, दुपारची झोप सोमवारच्याच वेळेला. पाहुण्यांना राग येत नाही. आला तरी फार तर मोदकाच्या वाटीत एक तुकडा वाढवावा.

राखणीचं भुंकणं वेगळं, आणि ते पुरतं बंद करायला निघालेल्यांशी माझं जमत नाही. वानरांनी नारळ-केळी उद्ध्वस्त केलेल्या बागायतदाराला भुंकणारा कुत्रा हवाच असतो. त्याला मर्यादा घालता येते. रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाला झावळ्यांचा झाप बांधला, की येणारा-जाणारा दिसत नाही आणि निम्मं भुंकणं तिथेच संपतं. उरलेल्यासाठी, भुंकताना मध्ये श्वास घ्यायला थांबला की त्या क्षणी ‘बास’ म्हणून तुकडा द्यायचा. शांततेची किंमत त्याला लवकर समजते. आपण घरातून ‘ए, गप!’ म्हणून ओरडलो, तर त्याच्या कानाला आपणही भुंकायला सामील झालो. सगळ्यात वाईट म्हणजे नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी वैतागून बिस्कीट फेकणं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय सर्वांत चिवट होते, हे स्किनरने कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून दिलं आहे. रात्री मात्र कुत्रा घरात घ्यावा, भुंकत असो वा नसो. पडवीतून बिबट्याने कुत्रा नेल्याच्या गोष्टी या पट्ट्यात जुन्या नाहीत.

सराव मनापासून करूनही लाळ, धापा आणि न खाल्लेली पोळी कायम असेल तर डॉक्टर. आधी शरीर तपासून घ्यावं: कानातली खाज, गोचीड, लघवीचा संसर्ग, सांधेदुखी यांनीही कुत्रा अस्वस्थ राहतो. विजांची भीती आहे का तेही सांगावं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या एखाद्या दिवशी तो घरात एकटा सापडला असेल, तर रिकामं घर आणि कडकडाट या दोन्हींची त्याच्या मनात गाठ बसलेली असू शकते. मग वळवाच्या आणि पावसाच्या महिन्यांत सरावाची गती कमी ठेवावी लागते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा बराचसा वेळ गाई-म्हशींत जातो, त्यामुळे स्वभावाच्या तक्रारीसाठी चिपळूणला किंवा 1886 पासून चालत आलेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावं. कुत्र्याला तिथवर नेणं जमलं नाही तरी मुंबईतल्या मुलाने ते मोबाइलवरचं चित्रण डॉक्टरांना दाखवलं, तर पुढची दिशा ठरू शकते.

या त्रासावर खास कुत्र्यांसाठी औषधं आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामिनला 1998 मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला 2007 मध्ये त्यासाठी परवानगी मिळाली. ही गुंगीची औषधं नाहीत. गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी कुत्रा हलत नाही एवढंच, आतून तितकाच घाबरलेला राहतो. यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि तेवढ्या काळात दाराचा सराव चालूच ठेवायचा असतो; गोळीने भीतीची धार कमी होते, शिकायचं ते त्यालाच शिकावं लागतं. माणसांच्या औषधांच्या डब्यातली त्याच नावाची गोळी मोडून देऊ नये, कारण मात्रा वजनावर ठरते आणि इतर औषधांशी तिचं पटेलच असं नाही. आणि कुत्रा पंधरा दिवस गप्प आहे म्हणून गोळी एकदम बंदही करू नये. ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू उतरवायची.